बाटली नंबर ५३-एन

तुमच्या गावाच्या वेशीला मरीआईचं ठाणं आहे का? लोहा-कंधार भागात बहुतेक गावांना असतं. शेंदूर फासलेला एखादा दगड, वर लिंबाचं झाड, आखाडात नैवेद्य. आजीला विचारलंत तर ती सांगेल की ही पटकीची देवी. पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी शेतात गेलेला धडधाकट गडी जुलाब-उलट्यांनी दिवस मावळेपर्यंत संपायचा. साथ आली की लोक मरीआईचा गाडा सजवायचे आणि शिवेपार नेऊन सोडायचे. पुढचं गाव तो आपल्या शिवेतून आणखी पुढे ढकलायचं. रोगही अगदी तसाच सरकायचा, गावामागून गाव.

आणि एक काळ असाही होता की आषाढीला पंढरपुरात शिरण्याआधी वारकऱ्यांना पटकीची सुई टोचून घ्यावी लागायची. मरीआईचा गाडा ते पटकीची सुई, हा प्रवास ज्या माणसामुळे सुरू झाला त्याचं आडनाव तुम्ही नक्की ऐकलेलं आहे. मुंबईत परळला त्याच्या नावाची संस्था आहे. पोलिओच्या डोसाचे ते दोन थेंब बनवणाऱ्यांतही हेच नाव आहे. हाफकिन.

नाव माहीत, माणूस मात्र माहीत नाही. कितीतरी जणांना ते एखाद्या इंग्रज गव्हर्नरचं नाव वाटतं. तो इंग्रज नव्हता, आणि गंमत म्हणजे डॉक्टरही नव्हता.

वाल्डेमार हाफकिनचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होतं. घर ज्यू. आई तो लहान असतानाच गेली. कॉलेजात त्याला प्राणिशास्त्र शिकवायला होता इल्या मेचनिकॉफ. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवून पुढे नोबेल मिळवणारा हाच तो. असा गुरू मिळणं म्हणजे नशीबच. पण बाकीचं नशीब तसं नव्हतं. कॉलेजच्या वयात हाफकिन झारविरोधी क्रांतिकारकांच्या गटात होता. पुढे गटाच्या हिंसेचा मार्ग न पटल्याने बाहेर पडला. ओडेसात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा वस्ती वाचवायला उभ्या राहिलेल्या पोरांत तो होता. जखमी झाला, अटक झाली, मेचनिकॉफने शब्द टाकला म्हणून सुटला. पुढे प्राध्यापकीचा प्रश्न आला. ज्यू धर्म सोडलास तर नोकरी, असा सरळ हिशेब होता. त्याने धर्म सोडला नाही.

म्हणून १८८८ साली त्याने देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. मेचनिकॉफ आता तिथे होता. पण संशोधकाची जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती ग्रंथालयातली. डिग्री हातात आणि नोकरी भलतीच, हे दुखणं तुमच्यापैकी अनेकांना परकं नसेल. हाफकिनने ती घेतली, आणि पुस्तकांच्या कामातून उरलेला सगळा वेळ पटकीच्या जंतूंपाशी घालवला.

पटकीचे जंतू गिनिपिगच्या शरीरातून एकातून दुसऱ्यात असे पुन्हापुन्हा नेले, तर ते जास्त जहाल होतात असं त्याला दिसलं. उलट, उबदार हवेत वाढवले तर ते नरमतात. मग त्याने ठरवलं की आधी नरम जंतू टोचायचे, शरीराला ओळख करून द्यायची, आणि काही दिवसांनी जहाल. प्राण्यांवर हे जमलं. माणसावर? १८ जुलै १८९२ ला त्याने पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, उतरलं. सहा दिवसांनी दुसरी. मग तीन रशियन मित्रांना टोचली. सगळे ठीक राहिले.

आता ही लस खरोखर साथ असलेल्या जागी वापरून बघायची होती. रशियात त्या वर्षी पटकीचा कहर होता, पण पळून गेलेल्या ज्यूची लस रशियाला नको होती. तेव्हा भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या मदतीने तो भारतात आला. मार्च १८९३. कलकत्ता.

सगळ्यांनी रांग लावून लस घेतली असं काही झालं नाही. वस्तीत लोकांनी दगड मारले. एक परका गोरा माणूस येतो, सुई घेऊन येतो, आणि सांगतो की रोगाचाच जंतू अंगात घाला म्हणजे रोग होणार नाही. तुम्ही काय केलं असतं? मला विचाराल तर दगड मारणाऱ्यांना नुसतं अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यांच्याकडे विश्वास ठेवायला कारण नव्हतं. ते कारण देणं हेच हाफकिनचं खरं काम होतं, आणि त्याला ते कळलं होतं. त्याच्यासोबत बंगाली डॉक्टर होते, जे लोकांच्या भाषेत बोलत आणि लोकांच्या देखत आधी स्वतः टोचून घेत.

दुसरी गोष्ट त्याने केली ती मोजणीची. १८९४ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याच्या काट्टल बागान नावाच्या झोपडपट्टीत पटकी शिरली. वस्ती २०० च्या आसपास. त्यातल्या ११६ जणांनी लस घेतली. बाकीच्यांनी घेतली नाही. दोघांचं पाणी एकच, गटार एकच. त्यानंतर वस्तीत आणखी १० जण आजारी पडले आणि ७ गेले. दहाच्या दहा जण लस न घेतलेले होते. सुरुवातीच्या अडीच वर्षांत त्याने आणि सोबत्यांनी गावोगाव फिरून ४० हजारांहून जास्त लोकांना टोचलं. शेवटी त्यालाच मलेरियाने गाठलं आणि १८९५ मध्ये युरोपात परतावं लागलं. बरा झाला, पुन्हा आला.

आणि तेवढ्यात मुंबईत प्लेग आला.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरने पहिल्यांदा निदान केलं. काखेत, जांघेत गाठ, प्रचंड ताप, चार-पाच दिवसांत खेळ खलास. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे निघाले. कोविडच्या पहिल्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईहून आपल्याकडे चालत आलेली माणसं आठवा. फरक एवढाच की तेव्हा रोग कसा पसरतो हेच कुणाला माहीत नव्हतं. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसात आणते हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत शोधलं. तोपर्यंत सरकार घरं धुवत होतं, सामान जाळत होतं, माणसं उचलून छावणीत नेत होतं. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. मार्च २०२० मध्ये आपल्याला लागू झाला तो हाच कायदा. पुण्यात त्याचा जाच एवढा झाला की जूनमध्ये रँडचा खून झाला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, १० मार्च १८९७ ला.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत पोचला. त्याला मिळालं काय, तर ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. तो त्यातच कामाला लागला.

लस कशी बनायची ते ऐकाच, कारण त्यात आपल्या स्वयंपाकघराचा वास आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात गाईचं मांस वापरत. इथे ते चालणार नाही, डुकराचंही नाही, हे ओळखून त्याने बोकडाचं मांस घेतलं. त्या रश्शावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छतावरून सुळके लोंबतात तसे. चंबू हलवला की सुळके गळून तळाशी जायचे आणि वर नवे धरायचे. असं काही आठवडे. मग रस्सा ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवायचा, म्हणजे सगळे जंतू मेले. वर थोडं कार्बोलिक ॲसिड, दुसरं काही त्यात वाढू नये म्हणून. झाली लस. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण शरीर त्याला बघून ओळख ठेवतं. कोव्हॅक्सिन घेतली असेल तर तुमच्या दंडात हेच तत्त्व गेलेलं आहे, फक्त तिथे जंतूऐवजी मारलेला विषाणू होता.

तीन महिन्यांत हे झालं. त्या तीन महिन्यांत त्याच्या एका मदतनीसाचं मनच खचलं, दोघे काम सोडून गेले. १० जानेवारी १८९७ ला त्याने नेहमीप्रमाणे पहिली सुई स्वतःला टोचली, आणि तीही लोकांना द्यायच्या डोसाच्या कितीतरी पट. कडक ताप भरला. उतरल्यावर पुन्हा कामावर.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. साधारण निम्म्या कैद्यांनी लस घेतली. त्या दिवशीच ज्यांच्या अंगात रोग मुरलेला होता असे काही जण लस घेऊनही गेले. पण त्यानंतरचे मृत्यू लस न घेतलेल्यांमध्येच झाले. कैद्याची संमती कितपत खरी असते, हा प्रश्न आज कुणीही विचारेल आणि विचारायलाच हवा. तेव्हा तो फारसा कुणी विचारला नाही.

मला मात्र तुरुंगापेक्षा उंधेऱ्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. उंधेरा हे सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानातलं छोटं गाव. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग असताना हाफकिनने घरोघरी निम्म्या-निम्म्या माणसांना लस दिली. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणारे, काही टोचलेले, काही न टोचलेले. पुढच्या काही आठवड्यांत २८ घरांत प्लेग आला. त्या घरांत लस घेतलेले ७१ जण होते. त्यातले ८ आजारी पडले, ३ गेले. लस न घेतलेले ६४ होते. त्यातले २७ आजारी पडले आणि २६ गेले. हा आकडा पुन्हा एकदा वाचा. ३ आणि २६. लस शंभर टक्के होती असं कुणी म्हणत नव्हतं, ३ माणसं गेलीच. पण कुठलंही भाषण न करता ही दोन नावांच्या यादीतली तफावत बोलते. सायन्सच्या पोरांना कंट्रोल ग्रुप म्हणून जे शिकवतात ते हेच. व्हॉट्सॲपवर माझ्या मामांना अमुक काढ्याने गुण आला असा मेसेज येतो तेव्हा त्यात हीच गोष्ट नसते, काढा न घेतलेल्यांचं काय झालं ते.

आगाखान तिसरे त्याच्या पाठीशी उभे राहिले. स्वतः लोकांसमोर लस घेतली, खोजा समाजातल्या हजारोंनी मग घेतली. लॅबसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही इमारतही दिली. १० ऑगस्ट १८९९ ला परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली, आणि हाफकिन तिचा प्रमुख. वय ३९. लस देशभर आणि देशाबाहेर जाऊ लागली.

मग ३० ऑक्टोबर १९०२.

पंजाब सरकारने लाखो लोकांना टोचायची मोहीम काढली होती. मागणी एवढी की परळची लॅब रात्रंदिवस चालायची. पुरवठा वाढावा म्हणून हाफकिनने पद्धत थोडी बदलली. कार्बोलिक ॲसिड वगळलं आणि जंतू मारायचं काम नुसत्या उष्णतेवर ठेवलं. त्या दिवशी मुलकोवाल नावाच्या गावात, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ जणांना लस दिली गेली. बाटल्या पाच होत्या. आठवड्याभराने गावात माणसांचे जबडे बसू लागले, अंग धनुष्यासारखं वाकू लागलं. धनुर्वात. १९ जण गेले. एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. तिच्यावर नंबर होता ५३-एन. बाकी चार बाटल्यांतून घेतलेल्या ८८ लोकांना काही झालं नाही.

१९ घरं. हा आकडा उंधेऱ्याच्या आकड्यांसमोर ठेवून छोटा म्हणू नका. ती माणसं निरोगी होती, आणि सांगितलं म्हणून विश्वासाने दंड पुढे केला होता.

चौकशी आयोग बसला. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स, सोबत दोन डॉक्टर. निष्कर्ष असा की बाटली गावात उघडण्याआधीच दूषित होती, म्हणजे दोष परळचा. कार्बोलिक वगळल्याबद्दल ठपका. हाफकिनचं प्रमुखपद गेलं, पगार थांबला, १९०४ मध्ये तो लंडनला निघून गेला. डॉक्टर नसलेला, रशियातून आलेला, ज्यू, आणि तरी एवढ्या मोठ्या लॅबचा प्रमुख. सरकारी डॉक्टरांच्या गोटात तो आधीपासूनच अनेकांना खुपत होता.

आता पुरावा बघा, कारण खरी गोष्ट इथे आहे. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात. ते द्रवात आठवडेच्या आठवडे वाढले तर त्याला घाण वास सुटतो. ती बाटली परळला काही आठवडे आधी भरलेली होती. म्हणजे जंतू तिथेच शिरले असते तर गावात झाकण काढताक्षणी वास यायला हवा होता. ज्या डॉक्टरने ती उघडली त्याला वास आला नव्हता. शिवाय, जंतू बाटलीत आधीच वाढून विष तयार असतं तर माणसं लवकर आजारी पडली असती. इथे बरेच दिवस गेले. आणि मुख्य म्हणजे, गावातल्याच मदतनीसाने साक्षीत सांगितलं होतं की बूच काढायचा चिमटा हातातून जमिनीवर पडला, आणि तो ज्वाळेवर न तापवता नुसता कार्बोलिकमध्ये बुचकळून वापरला. जमिनीवर पडलेला चिमटा. गावची माती. ही साक्ष आयोगाच्या कागदांतच होती.

ते कागद लोकांसमोर यायला १९०६ सरत आलं. लंडनमध्ये कलकत्त्याचा जुना सहकारी डॉ. सिम्पसन लढत होता. लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावा तपासला. आणि एक मोठं नाव पुढे आलं, रोनाल्ड रॉस. मलेरिया डास पसरवतो हे त्याने १८९७ मध्ये सिकंदराबादला शोधलं होतं, निजामाच्या मुलखात. आपलं लोहाही तेव्हा त्याच मुलखात होतं. जुलै १९०७ मध्ये रॉससह दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापलं की हाफकिनवरचा आरोप सिद्ध तर नाहीच, उलट पुरावा त्याच्या बाजूने आहे. नोव्हेंबरमध्ये सरकार नमलं. पाच वर्षं गेली होती.

तो भारतात परतला. पण परळची जागा भरलेली होती. त्याला कलकत्त्याला पाठवलं, आणि माणसांवर नव्या लसींच्या चाचण्या करायची परवानगी दिली नाही. ज्याचं सगळं आयुष्य गावात जाऊन मोजणी करण्यात गेलं त्याला टेबलाशी बसवलं. दोषमुक्त झाल्याची बातमी एक दिवसाची असते, आरोपाची सावली मात्र राहते, हे त्याने पुढची सात वर्षं भोगलं. १९१४ मध्ये, निवृत्त होता येतं त्या वयाला पोचताच, तो निवृत्त झाला.

परळहून लस मात्र जातच राहिली. १८९७ ते १९२५ या काळात प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस मुंबईतून बाहेर पडले. तरीही भारतात या साथीने १ कोटीहून जास्त माणसं नेली. आणि प्लेग ही मुंबई-पुण्याची जुनी गोष्ट असं समजू नका. किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभराने, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, बीड जिल्ह्यात मामला गावात गाठीचा प्लेग दिसला. आधी घरांत उंदीर मरून पडले, मग माणसांना ताप. पाठोपाठ सुरत. तुमच्या आईवडिलांना विचारा, तोंडाला रुमाल बांधून फिरल्याचे आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्या शोधल्याचे दिवस त्यांना आठवतील. अँटिबायोटिक वेळेत मिळालं तर प्लेग आता बरा होतो. पण जंतू गेलेला नाही. २०११ मध्ये संशोधकांनी लंडनच्या १४व्या शतकातल्या कबरीतल्या दातांतून त्याचा जवळपास सगळा जनुकीय आराखडा काढला, आणि आजच्या जंतूत नि त्या जंतूत फरक फारच थोडा निघाला. २०१७ मध्ये मादागास्करमध्ये मोठी साथ आली. २०२१ मध्ये ऑक्सफर्डने नव्या प्लेग लसीची माणसांवर चाचणी सुरू केली.

१९२५ मध्ये परळच्या लॅबचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट झालं. तेव्हा तो फ्रान्समध्ये एकटा राहत होता. लग्न केलेलं नव्हतं. नोकरीसाठी जो धर्म सोडायला त्याने तरुणपणी नकार दिला, तोच उतारवयात त्याच्या जगण्याचा मोठा भाग झाला होता. साठवलेला पैसा त्याने पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक शाळांच्या नावे ठेवला. त्या शाळांत विज्ञानही शिकवलं जावं अशी त्याची इच्छा होती. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला तो गेला. मुलकोवालच्या त्या दिवसाला तेव्हा २८ वर्षं होत आली होती, चार दिवस कमी.